पहिलं पान चुकांचं

रविवार, १० फेब्रुवारी २०१९. डहाणू. वेळ सकाळी साडेदहाची, प्रत्यक्ष सुरुवात सव्वाअकराला. हजर: अध्यक्षस्थानी चिकूच्या वाड्यांचे मालक हेमंतशेठ, फुग्यांच्या कारखान्याचे मालक आणि त्यांचे धाकटे भाऊ, बाजारातले नऊ व्यापारी, दोन डॉक्टर, टोपली बाहेर ठेवून आलेल्या मच्छीबाजारातल्या भानीबाय, तलासरीकडच्या करंजपाड्यावरून आलेली आशा कार्यकर्ती सुनीता, वॉर्डातले तीसेक लोक, आणि टिपणं घ्यायला मी. सत्कारमूर्ती: नगरसेवक के. व्ही. दामोदरन. गैरहजर: ज्या पाड्यावरच्या कामासाठी सत्कार होता त्या पाड्यावरचं, सुनीता सोडली तर, कोणीही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हादरत होती. नोव्हेंबरात सुरू झालेले धक्के थांबायचं नाव घेत नव्हते. डहाणू शहरात भांडी वाजायची आणि आम्ही रस्त्यावर यायचो. आत तलासरीच्या बाजूला, जिथे धक्क्यांचा जोर होता, तिथे भिंतींना तडे जात होते आणि माणसं घराबाहेर झोपत होती. दामोदरनांनी व्यापाऱ्यांकडून ताडपत्र्या आणि बांबू जमवून करंजपाड्यावर घरटी एक निवारा उभा करून दिला होता. पाडा त्यांच्या वॉर्डातला नव्हता, त्यांच्या तालुक्यातलाही नव्हता. म्हणून हा सत्कार.

हेमंतशेठनी शाल घातली, नारळ दिला. दामोदरनांनी शाल काढून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "पहिलं पान चुकांचं."

मग त्यांनी सात नावं वाचली. सभागृहातल्या कोणी ती नावं पूर्वी ऐकली नव्हती.

"ही सात म्हातारी माणसं माझ्या यादीतून सुटली. एकीच्या घराची भिंत गुरुवारी ती आत असताना पडली. तिला आता ताडपत्री मिळाली. बाकी सहा जण आजही तडे गेलेल्या भिंतीला लागून झोपतात. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. बाजारात ताडपत्री शिल्लक नाही. मला आज दुपारपर्यंत सहा पाहिजेत."

एवढं बोलून ते उभेच राहिले. माझ्या टिपणात या जागी फक्त एक आडवी रेघ आहे.

हा माणूस असा का होता ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

दामोदरन केरळातले, पालघाटच्या बाजूच्या एका खेड्यातले. फुग्यांच्या कारखान्याच्या विस्कटलेल्या वह्या सरळ करून द्यायला तीन महिन्यांच्या बोलीवर आले आणि पस्तीस वर्षं राहिले. मी त्याच कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात होते, अठरा वर्षं. तिथे त्यांना सगळे 'सर' म्हणत. कारखान्याबाहेर त्यांची वेगवेगळी नावं होती. गुजराती दुकानदार दामूभाई म्हणत, मच्छीबाजार दामूशेट म्हणे, पाड्यांवरून कामाला येणाऱ्या बाया दामूदादा. के. व्ही. दामोदरन हे पूर्ण नाव फक्त त्यांच्या सहीत असायचं.

मराठी ते पॅकिंगच्या बायांकडून शिकले. त्यामुळे हा पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला गंभीर माणूस "अगं बाई!" म्हणायचा. पुढे नगरसेवक झाल्यावरही म्हणायचा. मोठमोठे अधिकारी आधी दचकायचे, मग हसायचे आणि मग काम करून द्यायचे.

त्यांच्या शर्टाला दोन खिसे असत, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले. डाव्यात खडू, उजव्यात कागद. वर्षअखेरीला मालाची मोजदाद असे तेव्हा प्रत्येक खोक्याला ते स्वतः हात लावत आणि मोजून झालेल्या खोक्यावर खडूची फुली मारत. आम्ही म्हणायचो, "सर, वरच्या ओळीत बारा आहेत, मागे पण बाराच असणार." ते विचारायचे, "बघितलं की ऐकलं?" बघितलं म्हटलं तर लिहायचे. नाही म्हटलं तर शिडी मागवायचे.

दुसरी सवय त्याहून विचित्र होती. महिनाअखेरीला मालकांपुढे जो अहवाल जायचा त्याचं पहिलं पान चुकांचं असायचं. काय चुकलं, कोणाकडून, ते आता कसं निस्तरणार. आणि त्यात पहिला क्रमांक नेहमी स्वतःचा. सुरुवातीला मला ते नाटक वाटायचं. एका महिन्यात मी रवानगीत घोळ केला, बडोद्याचा माल बडनेऱ्याला गेला. मी घाबरून त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी पान पुढे केलं. त्यावर क्रमांक एकला त्यांची चूक लिहिलेली होती: 'पत्त्याची चिठ्ठी मी तपासायला हवी होती, तपासली नाही.' क्रमांक दोनची जागा रिकामी होती.

"वैशालीताई, तुमची तुम्ही लिहा," ते म्हणाले. "दुसऱ्याने लिहिली तर जास्त लागते."

माझी यादी करायची सवय तिथली.

२०१४ साली ते निवृत्त झाले, आणि त्याच पावसाळ्यात आमचा जिल्हा वेगळा झाला. ठाण्याचं पालघर झालं, ही बातमी सगळ्यांना कळली. कुठल्या कागदाला आता कुठे जायचं, हे मात्र कोणाला कळेना. गंजाडहून, झाईहून माणसं सकाळच्या एसटीने यायची आणि एका दारातून दुसऱ्या दाराकडे फिरायची. दामोदरनांनी एसटी स्टँडजवळ एका बंद दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडलं, फळा लावला. फळ्यावर डावीकडे कामाचं नाव, मधे ते कुठे होतं, आणि उजवीकडे एक तारीख. ती तारीख कसली, हे मी विचारलं.

"त्या दिवशी मी तिथे जाऊन स्वतः बघून आलो. त्याच्यानंतर बदललं असेल तर मला माहीत नाही."

दर पंधरा दिवसांनी ते सगळी चक्कर पुन्हा मारायचे आणि तारखा पुसून नव्या लिहायचे. स्वतःच्या खर्चाने, पिशवीत डबा घेऊन. कोणाचा अर्ज भरून दिला तर पैसे घ्यायचे नाहीत, पण अर्जदाराला तो शेवटपर्यंत वाचून दाखवायला लावायचे. वाचता येत नसेल तर ते वाचायचे आणि त्याने अर्थ सांगायचा. एकेका माणसाला अर्धा तास लागे. रांग कुरकुरायची, पण मोडायची नाही.

हेमंतशेठ एकदा तिथे येऊन उभे राहिले. तेव्हा त्यांचं आणि वॉर्डाचं नातं जमीनदारासारखं होतं. त्यांच्या घरातूनच कोणीतरी निवडून यायचं.

"दामूभाई, तुमचं गाव कुठलं हो?"

"जन्माचं लांब आहे शेठ. मतदार यादीतलं हेच."

"मग उभे राहायचा विचार आहे वाटतं?"

"अजून नाही," दामोदरन म्हणाले, आणि खरोखर विचारात पडल्यासारखे फळ्याकडे बघत राहिले. ती कल्पना त्यांच्या डोक्यात हेमंतशेठनीच घातली, असं आम्ही शेठना पुढे पुष्कळदा ऐकवलं.

२०१७ च्या अखेरीला निवडणूक लागली आणि ते अपक्ष उभे राहिले. समोर हेमंतशेठचा पुतण्या. पुतण्याच्या सभेत एकच मुद्दा: बाहेरचा माणूस. त्यावर दामोदरन काही बोलले नाहीत. बोलल्या त्या भानीबाय. पुतण्या मच्छीबाजारात मतं मागायला आला तेव्हा सगळ्या बाजारासमोर.

"तो बाहेरचा काय? एवढी वर्सं माझ्याकडून बोंबील नेतो, एक दिवस दुसरीकडं गेला नाय. तू हितला ना? मग सांग, माझ्या टोपलीच्या मागं गटार आहे, त्याच्यावर झाकण आहे का नाय?"

पुतण्याने वाकून बघितलं.

"आता बघतोस? त्याने मागल्या साली बघून ठेवलं. हातात पट्टी घेऊन मोजून गेला."

त्यांचं प्रचारपत्रक मी छापायला नेलं. छापखानेवाल्याने ते वाचलं आणि मला विचारलं, "ताई, हे विरोधी पक्षाचं आहे का?" पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं: 'मला जमणार नाहीत अशी कामं.' नोकरी लावून देता येणार नाही. पोलीस चौकीतून माणूस सोडवून आणता येणार नाही. लग्नात, बारशात भाषण करणार नाही. कुत्रा मोकळा असलेल्या घरी येता येणार नाही, कृपया बांधावा.

शेवटचं अक्षरशः खरं होतं. कुत्र्यांना ते फार भ्यायचे. वॉर्डातल्या घरांची त्यांची वही होती, तिच्यात माणसं किती, नळ आहे का, शौचालय आहे का, या रकान्यांनंतर एक रकाना होता: कुत्रा. तिथे 'आहे', 'नाही' आणि काही ठिकाणी 'आहे, पण चांगला' असं लिहिलेलं होतं.

ते सत्तावीस मतांनी निवडून आले. लोकांना पत्रक आवडलं म्हणून की भानीबायच्या तोंडाला भिऊन, हे मला अजून सांगता येत नाही.

नगरसेवक म्हणून त्यांनी पहिलं काय केलं? वॉर्डातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला नंबर दिला. आधी खडूने, पावसात पुसला म्हणून मग स्वतः ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने. दिवा गेला की लोकांनी फक्त नंबर सांगायचा. "आमच्या गल्लीतला, तो नारळाच्या झाडाच्या पुढचा" हे बंद. सुरुवातीला लोक हसले. सहा महिन्यांत ते नंबर पत्ते झाले. रिक्षावाले "चौदा नंबरला सोडू का?" विचारायला लागले. एका लग्नपत्रिकेवर छापलेलं मी पाहिलं: 'तेवीस नंबर खांबासमोर.' पत्रिका त्यांना दाखवली तर त्यांनी आधी तेवीस नंबरचा खांब तिथेच आहे ना, हे जाऊन बघितलं.

वर्ष झाल्यावर त्यांनी वॉर्डात एक चार पानी कागद घरोघर वाटला. पहिलं पान चुकांचं. पाच बाबी होत्या. पाचवी: 'शाळेजवळ एकतीस हा नंबर दोन खांबांना दिला गेला. त्यामुळे एका घरासमोर अकरा दिवस अंधार राहिला. त्या घरी जाऊन माफी मागितली.' हेमंतशेठनी तो कागद बाजारात उभं राहून मोठ्याने वाचला, टिंगल करायला. पहिल्या दोन बाबींना लोक हसले. तिसऱ्या-चौथ्याला कमी हसले. पाचवी वाचताना शेठचाच आवाज बारीक झाला, कारण घर त्यांच्या बहिणीचं होतं आणि माफीची गोष्ट तिने भावाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आपल्या वाडीमागच्या तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन दामोदरनांच्या टेबलापुढे रांगेत उभे होते. रांग तोडली नाही. हे मी बघितलेलं आहे.

करंजपाड्याची यादी जानेवारी २०१९ मध्ये केली. सुनीता पूर्वी कारखान्यात पॅकिंगला होती, तिचा फोन आला म्हणून आम्ही गेलो. सुनीताने पाडा दाखवायला सुरुवात केली, पण अर्ध्या तासात तिला एका बाळंतिणीसाठी बोलावणं आलं आणि ती गेली. आम्ही दोघं घराघराशी जाऊन विचारत राहिलो. अठ्ठावन्न घरं. सत्तेचाळीस उघडी. अकरा बंद, दाराला आडवी काठी लावलेली, अंगणात चूल विझलेली.

"ह्या घरातली माणसं कुठे?" दामोदरन शेजाऱ्यांना विचारत.

"भट्टीवर गेली."

आमच्याकडे भात निघालं की पाड्यांवरची धडधाकट जोडपी वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. दामोदरनांना हे चांगलं माहीत होतं. त्यांनी बंद दारावर खडूने फुली मारली, म्हणजे रिकामं. उघड्या घरात "तुमच्या घरात माणसं किती?" असं विचारलं, आकडा लिहिला. कुठलं घर सुटू नये, कुठलं दोनदा येऊ नये. सत्तेचाळीस ताडपत्र्या आणल्या, सत्तेचाळीस बांधल्या, एक उरली नाही, एक कमी पडली नाही. परतताना एसटीत ते खूश होते. मीही होते.

सात फेब्रुवारीला, गुरुवारी, निवारे नीट बांधले आहेत का बघायला आम्ही पुन्हा गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. जमिनीच्या पोटातून सुरुंग लावल्यासारखा आवाज आला, कोंबड्या उडाल्या, पत्रे वाजले. आणि पाड्याच्या टोकाला एका घराची भिंत खाली बसली. धूळ उठली. लोक तिकडे धावले.

दामोदरन हात पसरून त्यांच्या आडवे उभे राहिले. "थांबा! जाऊ नका! ते घर रिकामं आहे!"

एक बाई त्यांच्या हाताखालून वाकून पळाली. पळताना ओरडली, "आजी हाय ना आत! मीठ आणाया गेली!"

त्या घरातल्या बारकीआजीला लोकांनी ओढून बाहेर काढलं. पायाला लागलं होतं, डोक्यात माती होती, पण ती बोलत होती. मिठाची पुडी तिच्या मुठीत होती. दार बाजूला पडलं होतं. त्यावर आमची फुली.

पाड्याची रीत अशी. जोडपं भट्टीवर जातं, पण म्हातारी माणसं मागे राहतात. ती दिवसभर शेजारच्या अंगणात असतात, तिथेच काम करतात, तिथेच जेवतात, आणि झोपायला आपल्या घरी जातात. दिवसा त्यांच्या घराला काठी. शेजाऱ्याला विचारलं "तुमच्या घरात किती?" तर तो त्यांना धरत नाही, कारण ती त्याच्या घरची नाहीत. त्याने खरंच सांगितलं होतं. आणि बंद घर आम्ही रिकामं धरलं होतं. दोन्हीकडचे आकडे बरोबर होते आणि मधल्या फटीतून माणसं पडली होती.

दामोदरन खाली बसले, मातीतच. बारकीआजीकडे बघत म्हणाले, "वैशालीताई, मी हिला बघितलं होतं. वाल सोलत बसली होती. मला पाणी दिलं हिने. मी प्यालो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी बघितलं होतं."

त्या दिवशी त्यांच्या खिशातला खडू बाहेर निघाला नाही. सुनीताला घेऊन त्यांनी अकराही दारांची काठी स्वतः बाजूला केली आणि आत वाकून बघितलं. चार घरं खरंच रिकामी होती. सात घरांत एकेक घोंगडी, एकेक ताटली होती. दुपारी ते डहाणूला आले, आपल्या गच्चीवरची ताडपत्री सोडली आणि संध्याकाळच्या आत बारकीआजीला देऊन आले.

सत्कार तीन दिवसांवर होता. तो पुढे ढकलावा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "नाही. एवढे देणारे लोक एका खोलीत परत कधी मिळणार?"

तर ते सभागृह. माझ्या टिपणातल्या रेघेनंतर पहिलं वाक्य कारखान्याच्या मालकांचं आहे: "दामोदरन, सत्काराच्या दिवशी हे कशाला? चूक कोणाकडूनही होते."

"होते. म्हणून तर लिहायची."

एक व्यापारी म्हणाला, "पण सत्तेचाळीस घरांना तर मिळालंच ना? तेवढं तरी धरा."

"ते दुसऱ्या पानावर आहे," दामोदरन म्हणाले. "सहा ताडपत्र्या आल्या की वाचतो."

हेमंतशेठ अध्यक्षीय खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता टोमणा येणार. "माझ्या वाडीत चिकूच्या ढिगावर दोन आहेत. फळ झाकू पोत्यांनी." मग कारखान्यातून दोन निघाल्या. एक डॉक्टरांच्या गाडीवरची. मागून भानीबाय ओरडल्या, "सुकटीवरची माझी घ्या. वास येईल, पण म्हाताऱ्या माणसाला भूक तरी लागंल!" त्यावर पहिल्यांदा सभागृह हसलं, दामोदरनही.

दोन वाजता शेठच्या टेम्पोतून सहा ताडपत्र्या तलासरीकडे निघाल्या. दुसरं पान वाचायचं राहून गेलं. टिपणाच्या शेवटी मी लिहिलं आहे: सत्कार झाला नाही. नारळ टेम्पोत गेला.

पाच जणांनी ताडपत्री घेतली. सहावे माह्याबाबा. त्यांनी ती आपल्या शेळ्यांवर घातली.

"दादा, मी माझ्या घरात निजणार," ते म्हणाले.

त्यांच्या घराची मागची भिंत पक्क्या विटांची होती. अख्ख्या पाड्यावर तशी एकच. मुलगा लक्ष्मण दर वर्षी भट्टीवरून येताना टाकाऊ, तुटक्या विटा पिशवीतून आणायचा. कितीतरी वर्षं आणून आणून त्याने बापाला ती भिंत बांधून दिली होती. बाकी बहुतेक घरांच्या काठ्या-मातीच्या कुडाच्या भिंती हलायच्या आणि राहायच्या. ही वरपासून खालपर्यंत चिरली होती आणि आतल्या बाजूला झुकली होती. बाबांचं अंथरूण बरोबर तिच्या खाली.

दामोदरन दर मंगळवारी एसटीने तिथे जायला लागले. मी कधी बरोबर असे, कधी नसे. ते बाबांच्या ओट्यावर बसायचे. भिंत उतरवायचा विषय काढला की बाबा शेळ्यांना हाक मारत निघून जायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, चार माणसं आणू आणि उतरवून टाकू. जिवाचा प्रश्न आहे."

"भिंत कोणाची?"

"त्यांची."

"मग?"

मार्चमध्ये ते लक्ष्मणला भेटायला भट्टीवर गेले, उन्हात, अख्खा दिवस मोडून. लक्ष्मण म्हणाला, बाबा ऐकला तर माझं काही नाही, पण विटा फुटता कामा नयेत. हा निरोप त्यांनी पुढच्या मंगळवारी बाबांना जसाच्या तसा सांगितला. त्या दिवशी पहिल्यांदा बाबा उठून गेले नाहीत.

मे महिन्याच्या अखेरीला लक्ष्मण परत आला. त्या मंगळवारी मी गेले होते. करंजपाड्यावर मी दामोदरनांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. टेपचं एक टोक बाबांच्या हातात होतं, दुसरं दामोदरनांच्या, आणि दोघं मिळून ती भिंत मोजत होते. बाबांचा कुत्रा दामोदरनांच्या पायाशी बसला होता. बांधलेला नव्हता. ते घामाघूम झाले होते, उन्हाने की कुत्र्याने कोण जाणे, पण टेप हलू देत नव्हते.

ठरलं ते असं. पावसात भिंत हवी, म्हणून तोवर बाबांनी पुढच्या ओट्यावर ताडपत्रीखाली झोपायचं. भात निघालं की भिंत उतरवायची, एकेक वीट हाताने. त्याच विटांचा समोर लांब ओटा बांधायचा आणि मागे कुडाची भिंत घालायची. बाबांची एकच अट होती.

"विटा दामूदादाने मोजून घ्यायच्या. जेवढ्या निघाल्या तेवढ्या ओट्याला लागल्या पायजेत. दुसरं कोण मोजंल तर माझा इस्वास नाय."

"मी मोजीन," दामोदरन म्हणाले. आणि मग माझ्याकडे बोट करून, "मी नसलो तर ही मोजेल. माझ्यापेक्षा बरी मोजते." बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

सप्टेंबरात दामोदरन गेले. सकाळी चहा पिताना, टेबलाशी. त्यांच्या पत्नी पालघाटला मुलीकडे गेल्या. भात निघालं, दिवाळी आली. लक्ष्मणने सुनीतामार्फत दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा वॉर्डातली त्यांची कामं निस्तरण्यात मी अडकले होते. दुसऱ्यांदा घरात आजारपण होतं. दिवाळीनंतर लक्ष्मण भट्टीवर गेला. जाताना सांगून गेला की बाबा तयार आहे, बाई आली की माझी वाट न बघता उतरवा.

आज डिसेंबरची वीस तारीख. सुनीताचा काल फोन आला. थंडी पडल्यापासून माह्याबाबा पुन्हा आत झोपायला लागले आहेत, त्याच भिंतीखाली. परवा पहाटे बारीकसा धक्का बसला, चीर आणखी रुंद झाली आहे. ती म्हणाली, "ताई, बाबा विचारतो, दामूदादाची बाई कधी येणार?"

चार माणसं, एक गवंडी आणि शेठचा टेम्पो लागेल. माणसं सांगून झाली आहेत, शेठ टेम्पो देतो म्हणाले आहेत. माझ्या वहीत या कामापुढे तीन तारखा लिहून खोडलेल्या आहेत. भिंत उभी आहे. विटा मोजायला मी अजून गेलेले नाही.